गडावर जाण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या गडावर जायचे, हे ठरवायला कँटीनमधला एक चहा पुरतो. पण बावीस जणांनी मिळून गडावर जायचे, तेथे एक रात्र उघड्या माळावर काढायची आणि बावीसच्या बावीस जणांनी धडधाकट घरी परतायचे, एवढे जमवायला आम्हांला पाच आठवडे लागले. गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयातील एकोणीस विद्यार्थी आणि तीन प्राध्यापक हरिश्चंद्रगडावर जाऊन आले. एकोणिसांपैकी मुली आठ. प्रवासवर्णन लिहिण्याचा मोह मलाही आहे. परंतु आपल्या वार्षिकांकात दरसाल एक तरी प्रवासवर्णन असतेच आणि त्यात सूर्य नेमाने मावळतो. म्हणून सूर्यास्त त्यांच्याकडे सोपवून मी त्या आधीच्या पाच आठवड्यांविषयी लिहिणार आहे. नियोजन समितीत माझ्याकडे वेळापत्रक आणि हिशेबाची वही होती, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे समजते.

पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात सह्याद्री देखणा दिसतो खरा. पण त्या दिवसांत कातळ शेवाळलेले असतात, धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी ओलांडता येईलच असे नसते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटते आणि ऊन डोके फोडते. नवशिक्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने आपले मानावेत. आम्ही डिसेंबर निवडला, आणि त्यातही गुरुवार ते शनिवार. शनिवार-रविवारी या गडावर शहरांतून इतकी माणसे येतात की तंबू ठोकायला सपाट जागा मिळेना होते.

आता गड कोणता आणि वाट कोणती? हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात आहे, उंची सुमारे चौदाशे वीस मीटर. चढण्याच्या तीन वाटा प्रसिद्ध आहेत. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी एक, उत्तरेकडून पाचनईहून येणारी दुसरी, आणि कोकणातून बेलपाड्याहून सरळ वर येणारी नळीची वाट ही तिसरी. आमच्यातील काही मित्रांनी मोबाइलवर नळीच्या वाटेची चलच्चित्रे पाहिली होती आणि जायचे तर तिनेच, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर आमच्या भूगोलाच्या सरांनी वाद घातला नाही. त्यांनी विभागातल्या कपाटातून भारतीय सर्वेक्षण खात्याचा नकाशा काढला आणि टेबलावर पसरला.

हा नकाशा एकास पन्नास हजार या प्रमाणाचा असतो. म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर भरतात. त्यावरच्या तपकिरी समोच्चरेषा परीक्षेपुरत्या आपण सर्वांनी पाठ केलेल्या आहेत. दोन रेषांमधले उंचीचे अंतर वीस मीटर. रेषा विरळ तर उतार सौम्य, दाट तर चढ उभा. पाचनईच्या बाजूला रेषांमध्ये बोट ठेवायला जागा होती. पश्चिमेला, कोकणकड्याच्या जागी, सगळ्या रेषा एकमेकींना चिकटून एक जाड तपकिरी पट्टा झाला होता. सर एवढेच म्हणाले, ‘‘तुमची वाट या पट्ट्याच्या बाजूने वर येते.’’ नळीच्या वाटेला दोर लागतो, सराव लागतो आणि अनुभवी सोबती लागतात. विषय तेथेच मिटला. पुढल्या वर्षी जाणाऱ्यांनी वाटेवरून भांडण झाले तर नकाशा काढावा.

त्याच नकाशाने आम्हांला आणखी एक गोष्ट शिकवली. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर. कठीण थराची भिंत उभी राहते, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. म्हणून आपल्याकडचा चढ एकसारखा नसतो. उभी चढण, मग सपाटी, पुन्हा चढण, असा तो असतो. विसाव्याच्या जागा या सपाट्यांवरच धराव्यात, मध्येच उभ्या चढावर बावीस जणांना थांबवू नये. वरचा एक दगड सुटला तर तो खालच्या एकवीस जणांच्या अंगावर येतो.

शेवटी चढायला खिरेश्वर आणि उतरायला पाचनई असे ठरले. तोलार खिंडीच्या वर थोडा कातळाचा टप्पा आहे, तेथे लोखंडी कठडे लावलेले आहेत. कातळ चढताना सोपा असतो, कारण हात-पाय ठेवण्याची जागा डोळ्यांसमोर येते. उतरताना तीच जागा पायाखाली दडते आणि पाठीवरचे ओझे पुढे ढकलते. म्हणून तो टप्पा एकदाच आणि चढतानाच करायचा. पाचनईची वाट सर्वांत सोपी व छोटी. वर कोणाला काही झाले तर खाली न्यायलाही तीच उपयोगाची. परतीची वाट दमलेल्या माणसांसाठी निवडायची असते, हे समितीतल्या कोणाच्या आधी ध्यानात आले ते सांगता येत नाही, पण आले हे बरे झाले.

वेळापत्रक करताना मला एका जुन्या स्कॉटिश गिरिभ्रमणकाराने बसवलेला हिशेब फार उपयोगी पडला. नेस्मिथ हे त्याचे नाव, आणि हिशेब १८९२ सालचा. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. खिरेश्वर ते गडावरचे मंदिर सुमारे आठ किलोमीटर व चढ सुमारे सातशे मीटर. म्हणजे अंतराचे एक तास छत्तीस मिनिटे, चढाचे एक तास दहा मिनिटे, एकूण पावणेतीन तास. पण हे गणित हलक्या ओझ्याच्या सराईत माणसाचे. आमच्यातील निम्म्या जणांनी गावाबाहेरची टेकडीसुद्धा चढलेली नव्हती, पाठीवर आठ किलो ओझे, आणि घोळक्याचा वेग नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असतो. म्हणून मी दुप्पट धरले, साडेपाच तास. जेवण व विसावे यांचा एक तास. सकाळी साडेसातला निघाल्यास दुपारी दोन. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चार तास हाताशी राहतात. हे चार तास कोणालाही उधार द्यायचे नाहीत, असे वहीत लिहिले होते.

त्याखाली आणखी एक ओळ होती: बारा वाजेपर्यंत शेवटचा माणूस तोलार खिंडीत आला नाही, तर सर्वांनी परत खिरेश्वरला उतरायचे. कोणी कितीही रडले तरी. ही ओळ घरी बसून लिहावी लागते, कारण खिंडीत उभे राहिल्यावर ती लिहिण्याची कोणाला छाती होत नाही. प्रत्यक्षात आम्ही सव्वादहालाच खिंडीत होतो. तेथे दगडात कोरलेले वाघाचे शिल्प आहे, त्याच्याजवळ बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि दोनला वीस मिनिटे कमी असताना मंदिरापाशी पोहोचलो.

खिंडीच्या पुढे पठारावर चढ-उतार आणि गुरांच्या असंख्य पायवाटा आहेत. माणसे चुकतात ती तेथे. ‘मोबाइलमध्ये नकाशा आहे, वाटाड्या कशाला?’ असे म्हणणारे आमच्यातही निघाले. मोबाइल थंडीत लवकर मान टाकतो, गडावर बहुतेक ठिकाणी त्याला संपर्क मिळत नाही, आणि ढोराची वाट कोणती व माणसाची कोणती हे तो सांगत नाही. वाटाड्यासाठी द्यावे लागलेले पैसे हा आमच्या हिशेबातला मला सर्वांत आवडणारा खर्च आहे. शिवाय त्याच्यामुळे आमची एक मोठी अडचण सुटली. एस.टी.त गॅसची टाकी किंवा रॉकेल नेता येत नाही, आणि गडावर लाकडे तोडणे हा गुन्हा आहे. हा सारा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मग खिचडी शिजवायची कशावर? वाटाड्याने खिरेश्वरच्या आपल्या घरची लहान टाकी व शेगडी भाड्याने दिली, दोघांनी ती आळीपाळीने उचलली, आणि दुसऱ्या दिवशी तोच ती घेऊन तोलार खिंडीने घरी गेला. शेकोटीचे मात्र काही मित्रांनी मनाला लावून घेतले. शेकोटीशिवाय शिबिर कसले, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबरात तेथले गवत वाळून कडकडीत झालेले असते, एक ठिणगी उडाली की वणवा. अंताक्षरीला उजेड लागत नाही, एवढेच मी म्हणेन.

आता पैशांचे बोलते. हा भाग मी थोडा सविस्तर लिहिते, कारण सहलीच्या सूचनाफलकापुढे उभे राहून वर्गणीचा आकडा वाचणारी आणि मग ‘मला जरा काम आहे’ म्हणणारी माणसे मला माहीत आहेत. पहिल्या वर्षी मी त्यांतलीच होते. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिली. फी भरून झाल्यावर सहलीसाठी घरी तोंड उघडणे मला जमले नव्हते.

पहिल्या बैठकीत अंदाज आला तो माणशी नऊशे रुपयांचा. आम्ही तो चारशे वीसवर आणला. कसा, ते सांगते. धान्य विकत घ्यायचे नाही, शिधा घरून आणायचा. कोणाच्या शेतात बाजरी आहे, कोणाकडे भुईमूग, एकाचे मामा भात पिकवतात. ज्याच्याकडे शेत नाही त्याने मीठ-मिरची आणावी, आणि कोणी काय आणले याची यादी वाचून दाखवायची नाही. खिचडीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ व चाळीस ग्रॅम मूगडाळ धरावी. बावीस जणांना दोन किलो दोनशे ग्रॅम तांदूळ आणि नऊशे ग्रॅम डाळ. सकाळच्या पोह्यांना दोन किलो पोहे. चालताना खायला माणशी शंभर ग्रॅम गूळ-शेंगदाणे. बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा हे स्वस्त, पोटभर, आणि मागे प्लॅस्टिक उरत नाही. पहिल्या दुपारची भाकरी-चटणी ज्याने त्याने घरून आणावी, आणि दुसऱ्या दुपारी गडावरच्या स्थानिक मंडळींकडे पिठले-भाकरी घ्यावी. चार पैसे त्यांच्याकडे जावेत हेही योग्यच आहे. स्वतंत्र गाडी न करता आळेफाट्यापर्यंत एक एस.टी. आणि तेथून माळशेजच्या रस्त्याने खुबी फाट्यापर्यंत दुसरी. मुलींना २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे; वाचलेले पैसे वेगळे न ठेवता सर्वांच्या हिशेबात घालायचे, असे मुलींनीच ठरवले. मुलांनी यावर टाळ्या वाजवल्या. त्यांनी तंबू उचलावेत असे आम्ही सुचवले, तेव्हा टाळ्या जरा कमी झाल्या.

बुटांचा प्रश्न याहून नाजूक होता. कातळावर चपला चालत नाहीत. तळव्याला खोल खाचा असलेले, टाचेपाशी घट्ट बसणारे बूट हवेत. आमच्यातील चौघांकडे ते नव्हते. ‘कोणाकडे बूट नाहीत?’ असे वर्गात विचारले असते तर एकही हात वर झाला नसता आणि चौघे येतो म्हणून आले नसते. म्हणून सर्वांकडूनच पायाचे माप लिहून घेतले. वसतिगृहात न येणाऱ्यांकडून बूट मागून आणले, आणि सरावाच्या आधी ज्याचे त्याला मिळाले. कोणाच्या पायात कोणाचे बूट होते हे वहीत नाही. मागून आणलेले बूट घालून लगेच गडावर मात्र जाऊ नये. दोन रविवार पाठीवर ओझे घेऊन आम्ही दहा-दहा किलोमीटर चाललो, त्यात फोड कोठे येतात ते समजले.

घरच्या परवानगीसाठी आम्ही एक पानी कागद केला होता. कोठे जाणार, कोणत्या वाटेने, कोणत्या रात्री कोठे झोपणार, बरोबर कोण प्राध्यापक, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला विचारायचे. एक प्रत कार्यालयात, एक प्रत्येकाच्या घरी. तीन मुलींच्या घरी मराठीच्या बाई स्वतः जाऊन आल्या. आमच्या घरी तो कागद मी आबांना वाचून दाखवला. आबांना डोंगराचे अप्रूप नाही. ‘‘गुरांमागं आम्ही रोज चढतो, तुम्ही पैसे भरून चढणार,’’ असे म्हणून ते हसले. आई रात्रीच्या मुक्कामाविषयी विचारील म्हणून मी उत्तरे तयार ठेवली होती. पण प्रश्न आबांनीच विचारला, आणि तो वेगळाच होता: ‘‘कागदात सगळं आहे गं, पण पाणी कुठंय?’’

पाण्याची माहिती तेव्हा खिरेश्वरहून यायची होती. ती आल्यावर मी पुन्हा वाचून दाखवली. गावातून निघताना माणशी तीन लिटर भरून घ्यायचे. वाटेतल्या ओढ्यांवर डिसेंबरात भिस्त ठेवायची नाही. वर देवळाच्या आवारात पाण्याची टाकी आहेत, तेथले पाणी गाळून व उकळूनच प्यायचे. बावीस जणांचे तीन-तीन लिटर म्हणजे सहासष्ट किलो झाले. ओझ्याचा विचार करताना हे वजन लोक विसरतात आणि मग वाटेत पाणी ओतून देतात. आबा ‘बरं’ म्हणाले. आमच्या घरात ‘बरं’ म्हणजे लेखी परवानगी.

वर पाणी जपण्याचे नियमही आधीच सांगितले होते. पुष्करणीत भांडी विसळायची नाहीत, केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात साबण न्यायचा नाही. त्या गुहेत गार पाण्यात मोठे शिवलिंग आहे आणि चार खांबांपैकी एकच धड उरला आहे. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर तरी लांब जावे, वीतभर खड्डा खणून तो बुजवावा. मुलींसाठी जाड कागदाच्या वेगळ्या पिशव्या घेतल्या होत्या. त्यांतले सर्व काही परत खाली आणायचे. हे वार्षिकांकात लिहावे की नाही असा मला संकोच होता. बाई म्हणाल्या, याच कारणासाठी मुली सहलीला येत नाहीत, तेव्हा लिही.

प्रकृतीची माहिती घेण्यासाठी एक चिठ्ठी होती, ती बंद पाकिटात फक्त बाईंकडे द्यायची. समितीलाही ती वाचायची परवानगी नव्हती. याचा उपयोग कसा झाला हे ज्याचे त्याने मला लिहिण्याची मुभा दिली आहे, नाव न घालता. आमच्यातील एका मित्राला फिट येतात. दोन वर्षांत त्याने हे कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगितले की मैदानावर कोणी घेत नाही. पाकिटात त्याने ते लिहिले. बाईंनी त्याला ‘येऊ नकोस’ असे म्हटले नाही. त्याच्या डॉक्टरांना विचारले. औषध चुकवायचे नाही, जागरण करायचे नाही, कड्याच्या जवळ जायचे नाही, एवढ्या अटींवर डॉक्टरांनी होकार दिला. त्याच्या जोडीदाराला फिट आल्यास काय करायचे ते शिकवले: कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे. कातळाच्या टप्प्यावर त्याच्या पुढे वाटाड्या होता आणि मागे शारीरिक शिक्षणाचे सर.

कोकणकड्याचा नियम तर सर्वांनाच सारखा होता. हा कडा आत वळलेला आहे, काठावर उभे राहिले तर पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि खालून वारा असा उसळतो की टोपी वर उडते. काठापासून तीस पावलांवर सर्वांनी थांबायचे. पुढे एका वेळी दोघांनी जायचे, शेवटची पावले पोटावर सरपटत, आणि मागच्याने पाय धरायचे. छायाचित्रासाठी उभे राहायचे नाही. आमचा तो मित्र तीस पावलांच्या रेषेवरच बसला. त्याच्याजवळ कोणी ना कोणी बसून होते, कारण पाळी येईपर्यंत सर्वांना तेथेच बसावे लागत होते. एकट्याने मागे राहिल्यासारखे त्याला वाटले नाही, असे त्याने नंतर सांगितले. नियम करताना आम्ही एवढा विचार केला नव्हता.

बाकीचे थोडक्यात. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि प्रत्येक थांब्यावर एक ते बावीस मोजून घ्यावेत. शिट्टी प्रत्येकाकडे हवी. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यावे. ही खूण जगभर चालते. सर्पदंश झाल्यास चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. तो अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे. आग्या मोहोळाच्या जवळ धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे गडावर खिरेश्वरपेक्षा चार-पाच अंश थंडी जास्त, आणि वारा वेगळा. कानटोपी विसरू नये. घोंगडी जड असते पण ओली झाली तरी ऊब देते. मराठीच्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर रचला असे मानतात. बाईंनी त्यावर रात्री तंबूबाहेर अर्धा तास सांगितले आणि थंडी असूनही कोणी उठले नाही.

शनिवारी चारच्या आत आम्ही पाचनईत होतो, तेथून जीपने राजूर, पुढे एस.टी. बावीस मोजून झाले. जमा नऊ हजार दोनशे चाळीस रुपये, खर्च आठ हजार सहाशे पाच, शिल्लक सहाशे पस्तीस. शिलकेतून बावीस शिट्ट्यांच्या जोडीला आणखी आठ शिट्ट्या आणि एक प्रथमोपचाराची पेटी घेतली आहे. हिशेबाची वही, नकाशाची प्रत, पायांच्या मापांचा कोरा तक्ता आणि वाटाड्याशी बोलणे कसे करावे याची टिपणे भूगोल विभागातल्या डावीकडच्या कपाटात ठेवली आहेत. किल्ली सरांकडे मिळते.